छोट्या कार्यक्रमांसाठी ट्यूब अ‍ॅम्प किती वॅटचा घ्यावा? (मालवण–तारकर्ली पट्टा)

देवबाग_किनारा
नमस्कार मंडळी. आमचा चौघांचा बँड आहे. गिटार, बेस, ड्रम आणि गायिका. ऑक्टोबर ते मे या हंगामात देवबाग, तारकर्ली, मालवण आणि कधीमधी वेंगुर्ल्यापर्यंत वाजवतो. जागा तीन तऱ्हेच्या मिळतात. एक म्हणजे होमस्टेचं अंगण, मागे जांभ्याची भिंत आणि समोर तीस-चाळीस माणसं. दुसरी किनाऱ्यावरची उघडी रेस्टॉरंटं. तिसरे लग्नाचे हॉल, खाली टाइल्स आणि वर स्लॅब.

आतापर्यंत मल्टी-इफेक्ट पेडल थेट मिक्सरला लावून वाजवत आलोय. लोकांना चालतं, पण मला स्वतःला स्टेजवर गिटार अंगावर येत नाही. मॉनिटरमधून येणारा आवाज आणि पाठीमागच्या स्पीकरमधून येणारा आवाज यात फार फरक आहे. म्हणून या हंगामाआधी ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प, घ्यायचा ठरवलाय. दुकानदार म्हणतो उघड्यावर १०० वॅटशिवाय भागणार नाही. एक मित्र म्हणतो ५ वॅट पुरे, माइक लाव. दोघांच्या मध्ये मी अडकलोय.

गाणी जुनी हिंदी, मराठी, थोडी कोंकणी, थोडं ब्लूज. क्लीन, म्हणजे न फाटलेला स्वच्छ टोन भरपूर लागतो, सोलोला मात्र अ‍ॅम्पचा आवाज जरा फाटायला हवा. ड्रमर पूर्ण किट वाजवतो आणि त्याचा हात जड आहे. सगळं सामान छोट्या गाडीतून जातं.

अलिबाग_शनिवार
१५ वॅट, दोन ईएल८४ (छोट्या आउटपुट ट्यूब), १२ इंची स्पीकर. आमच्याकडच्या रिसॉर्टमध्ये दर शनिवारी हाच वाजतो आणि मॅनेजर अजून कधी "वाढवा" म्हणाला नाही. "कमी करा" मात्र नेहमी म्हणतो.

गंजलेली_तार
दुकानदार आणि मित्र दोघांचंही बाजूला ठेवा. आधी वॅट आणि आवाज यांचं नातं नीट समजून घ्या, म्हणजे निम्मा गोंधळ संपेल.

वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, बस. ३ डेसिबल म्हणजे कान देऊन ऐकलं तर कळेल इतका फरक. कानाला "दुप्पट मोठं" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट लागतात. म्हणजे १५ वॅटच्या दुप्पट मोठा वाजणारा अ‍ॅम्प ३० वॅटचा नसतो, १५० वॅटचा असतो. १५ की २२ की ३० यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. आवाजाच्या बाबतीत त्यात फार काही नाही.

स्पीकरमध्ये मात्र खूप काही आहे, आणि दुकानात हा विषय कोणी काढत नाही. प्रत्येक स्पीकरची संवेदनशीलता कागदावर दिलेली असते: १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. सेलेशनचा व्हिंटेज ३० साधारण १०० देतो, ग्रीनबॅक ९८. बरेच स्वस्त स्पीकर ९५-९७ च्या आसपास असतात. आता हिशेब करा. १५ वॅटला १०० चा स्पीकर लावला तर १ मीटरवर साधारण ११२ डेसिबल. ३० वॅटला ९७ चा स्पीकर लावला तरी तेवढेच ११२. म्हणजे नुसता स्पीकर बदलून अ‍ॅम्प दुप्पट वॅटचा केल्यासारखं झालं, आणि ट्रान्सफॉर्मरचं वजन एक ग्रॅमनेही वाढलं नाही.

मग वॅट बघायचे कशासाठी? वॅट ठरवतात की अ‍ॅम्प कुठपर्यंत स्वच्छ राहील आणि कुठून फाटायला लागेल. तुम्हाला हवं आहे ते इतकंच: तुमच्या ड्रमरच्या आवाजाला अ‍ॅम्प फाटण्याच्या उंबरठ्यावर उभा असावा. हलक्या हाताने वाजवलं की स्वच्छ, तार ओढली की तिखट. १०० वॅटचा अ‍ॅम्प त्या उंबरठ्यावर पोचेपर्यंत होमस्टेचं अंगण रिकामं झालेलं असेल. ५ वॅटचा तो उंबरठा ड्रमरने पहिला रोल वाजवायच्या आतच ओलांडेल, आणि तुमची जुनी हिंदी गाणी फाटक्या आवाजात वाजतील.

देवबाग_किनारा
स्पीकरचं हे कोणीच सांगितलं नव्हतं. पण दादा, उघड्यावरचं काय? किनाऱ्यावर आवाज उडून जातो हे मी स्वतः ऐकलंय. शेवटच्या टेबलावरचे लोक म्हणतात, गिटार ऐकूच येत नाही.

ध्वनी_रत्नागिरी
मी साउंडचं काम करतो, म्हणून याचं उत्तर मी देतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. गंजलेली_तार यांनी सांगितलेले ११२ डेसिबल १ मीटरवरचे. २ मीटरवर १०६, ४ वर १००, ८ वर ९४, १६ मीटरवर ८८. हॉलमध्ये भिंती आवाज परत फेकतात म्हणून घट कमी वाटते. किनाऱ्यावर परत फेकायला काहीच नाही. त्यातून वारा आणि लाटांचा आवाज सतत चालू असतो.

पण शेवटच्या टेबलापर्यंत गिटार पोचवणं हे अ‍ॅम्पचं कामच नाही. ते माझ्या स्पीकरचं काम. अ‍ॅम्प तुम्हाला, ड्रमरला आणि बेसवाल्याला ऐकू यायला हवा. लोकांसाठी जाळीसमोर एसएम५७ किंवा तसाच एखादा डायनॅमिक माइक लावायचा, स्पीकरच्या मध्यापासून थोडा बाजूला सरकवून, आणि आवाज मिक्सरमधून द्यायचा. गिटारवाला १०० वॅटचा अ‍ॅम्प आणून शेवटच्या टेबलासाठी वाढवतो तेव्हा पहिल्या टेबलावरच्या माणसाच्या कानठळ्या बसतात आणि गायिकेचा माइक गिटारच जास्त उचलतो. मग मला गायिका वर आणता येत नाही.

अजून एक. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नका. स्पीकरचा तिखट भाग समोर अरुंद पट्ट्यात जातो. तो तुमच्या पोटऱ्यांना लागतो, कानाला नाही. मग तुम्ही ट्रेबल वाढवता आणि समोर बसलेल्यांच्या कानात सुया टोचतात. स्टँडवर मागे कलता ठेवा. काहीच नसेल तर माशांचा प्लास्टिक क्रेट उलटा करून त्यावर ठेवा, पण धुतलेला आणि कोरडा. आणि मागून उघडा असलेला अ‍ॅम्प जांभ्याच्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे ठेवा. भिंतीला टेकवला तर मागचा आवाज कोंडतो.

सावंतवाडी_बेस
देवबागच्या भावा, वॅट मागसून बग, आधी तुझो ड्रमर बग. मी बेस वाजवतंय, ड्रमरच्या बाजूक उभो रवतंय, म्हणून सांगतंय. गिटारवालो आवाज वाढवता तो पब्लिकसाठी नाय, स्नेअरच्या वर येवक वाढवता. मग मी वाढवतंय, मग गायिकेक मॉनिटर वाढवक लागता. ड्रमराक काड्यांच्या जुडग्याचे रॉड दी अंगणातल्या कार्यक्रमाक. जड हाताचो ड्रमर साध्या स्टिकेन जवळसून १०० डेसिबलच्या वर सहज जाता. तेका खाली आणलंस तर तुझो १५ वॅटचो अ‍ॅम्पय पुरान उरतलो.

देवबाग_किनारा
बरां सांगितलंस दादा. रॉड आजच मागवतंय.

दापोली_क्लीन
मी वेगळं मत मांडतो. मी सगळा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे फाटका आवाज, पेडलमधून घेतो. मला अ‍ॅम्प कधीच फाटायला नको, कारण फाटलेल्या अ‍ॅम्पमध्ये दुसरं पेडल ढकललं की नुसता चिखल होतो. कॉर्ड वाजवले की प्रत्येक तार वेगळी ऐकू यायला हवी. म्हणून माझ्याकडे फेंडरचा ट्विन रिव्हर्ब आहे, ८५ वॅट, चार ६एल६ (मोठ्या आउटपुट ट्यूब). छोट्या हॉलमध्येही तोच नेतो आणि व्हॉल्यूम ३ च्या वर जात नाही. त्या ३ वरचा क्लीन टोन मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. १५ वॅटमध्ये ड्रमरबरोबर खरा क्लीन मिळतच नाही हे नव्या मुलांना सांगायला हवं.

गंजलेली_तार
दापोलीकरांचं म्हणणं अर्धं मला मान्य आहे. पेडलवर सगळी मदार असेल तर हेडरूम, म्हणजे फाटायच्या आधी स्वच्छ वाढायला जागा, लागतेच. आणि ईएल८४ चा अ‍ॅम्प लवकर फाटतो. व्हॉक्सचा एसी१५ १९५८ चा आणि त्याची सगळी मजाच त्या फाटण्यात आहे. पण ट्विनचं वजन जवळपास २९ किलो. छोट्या गाडीत ड्रम किटबरोबर तो जाणार नाही. देवबागला वाळूतून दोन हातांत उचलून न्यायचा म्हटलं तर पाठीचं काही खरं नाही.

मधला रस्ता आहे. दोन ६व्ही६ (मधल्या ताकदीच्या आउटपुट ट्यूब), २२ वॅट, १२ इंची स्पीकर. फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब या जातीचा मूळपुरुष, १९६३ पासूनचा, वजन १९ किलोच्या आसपास. गिटारला सिंगल कॉइल पिकअप असेल तर व्हॉल्यूम साधारण ४-५ पर्यंत स्वच्छ राहतो, पुढे फाटतो, आणि फाटतो तेव्हा गोड फाटतो. जास्त जोराचा दोन कॉइलचा हंबकर पिकअप असेल तर थोडा आधी. पूर्ण वाढवला की खालचे सूर सैल पडतात हे खरं, पण बँडमध्ये खालचं काम बेस करतो. त्याच घराण्यातला प्रिन्स्टन अजून हलका, पण १० इंची स्पीकर आणि कमी वॅट. ड्रमर जड हाताचा असेल तर क्लीनला तो कमी पडेल.

तेव्हा देवबाग, तुमचा खरा प्रश्न १५ की १०० हा नाही. १५ वॅटचा ईएल८४ की २२ वॅटचा ६व्ही६, हा आहे. आवाजाचा फरक दोन डेसिबलही नाही. फरक आहे उंबरठा कुठे येतो त्याचा. "क्लीन भरपूर लागतो" हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, म्हणून माझा कल ६व्ही६ कडे.

मुरूड_पाच_वॅट
मोठा अ‍ॅम्प घेऊन वॅट अर्धे करणारा स्विच वापरला तर? काही अ‍ॅम्पना २० चे १० किंवा १५ चे ७ करता येतात. हॉलला पूर्ण, अंगणात अर्धा. चालेल ना?

गंजलेली_तार
वर लिहिलंय तेच परत लागू होतं. अर्धे वॅट म्हणजे फक्त ३ डेसिबल कमी. अंगणातल्या पाहुण्यांना कळणारही नाही. तो स्विच टोनसाठी वापरा, आवाज कमी करायला नको. खरंच खाली यायचं असेल तर अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये अ‍ॅटेन्युएटर लावावा लागतो. तो उरलेली शक्ती उष्णतेत घालवतो. ६-८ डेसिबलपर्यंत ठीक. त्याहून जास्त दाबलं की टोन मेल्यासारखा होतो, कारण हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात आणि स्पीकरचा पडदाही नीट हलत नाही. अ‍ॅटेन्युएटर अ‍ॅम्पच्या वॅटपेक्षा बराच जास्त क्षमतेचा घ्या, आणि अ‍ॅम्प, अ‍ॅटेन्युएटर आणि स्पीकर यांचे ओहम (विजेला होणारा अडथळा) जुळले पाहिजेत.

कुडाळ_सर्किट
उशिरा आलो, पण ज्याच्यामुळे माझ्याकडे अ‍ॅम्प दुरुस्तीला येतात ते अजून कोणी बोललं नाही. वीज.

आपल्या पट्ट्यात भारमान वाढलं की संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत बसलेलं मी मीटरवर पाहिलंय, आणि मध्यरात्री सगळं बंद झालं की २५० च्या वर. ट्यूबच्या आतल्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात. घरातले २३० चे १८० झाले की तिथे ५ च्या आत येतात. ट्यूब पुरेशी तापत नाही, वरचं मोठं व्होल्टेजही त्याच प्रमाणात पडतं, आणि २२ वॅटचा अ‍ॅम्प त्या संध्याकाळी २२ वॅटचा राहत नाही. क्लीन टोन हवा म्हणून तुम्ही मोठा अ‍ॅम्प घेता आणि तो लवकर फाटतो. मग लोक ट्यूब बदलतात, स्पीकर बदलतात, गिटार बदलतात. २६० च्या बाजूला गेलं तर उलटं: फिलामेंटला ७ च्या वर, आणि ट्यूबचं आयुष्य कमी.

म्हणून अ‍ॅम्पच्या किमतीतच चांगल्या स्टॅबिलायझरचे पैसे धरा. अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेलं असतं तो किती वॅट वीज खातो. १५ वॅटचा अ‍ॅम्प म्हणून १५ नाही, कितीतरी जास्त खातो. त्या आकड्याच्या दुप्पट क्षमतेचा स्टॅबिलायझर घ्या. अमेरिकेहून कोणी नातेवाइकाने आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि त्याचा आतला ट्रान्सफॉर्मर फक्त ६० हर्ट्झचा आहे का तेही बघा. तसा असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो.

किनाऱ्यावर जनरेटरवर वाजवत असाल तर अधिक जपा. दिव्यांची माळ एकदम बंद केली की छोट्या जनरेटरचं व्होल्टेज उडी मारतं. दिवे आणि बँड वेगळ्या लाइनवर मागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी कळकळीने लिहितोय. बऱ्याच भाड्याच्या जनरेटरना अर्थिंगच नसतं. अ‍ॅम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, पाय ओल्या वाळूत, हात तारांवर, आणि ओठ माइकला. त्या क्षणी शरीरच वायर होतं. वाजवायच्या आधी अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या. मग गिटारच्या तारांना आणि माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघा. पेटला तर वाजवू नका, मालक कितीही म्हणू दे. नाही पेटला तरी एवढ्यावर विसंबू नका. बोर्डाला ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच, आहे का विचारा. नसेल तर स्वतःची एक जवळ ठेवा आणि इलेक्ट्रिशियनकडून जोडून घ्या. तीन पिनी प्लगची अर्थची पिन गुणगुण येते म्हणून कापणारे लोक मी पाहिलेत. ती पिन तुमचा जीव आहे.

वेंगुर्ला_खारं
कुडाळ_सर्किट यांना विचारतो: खाऱ्या हवेचं काय? माझ्या जॅकवर एका पावसाळ्यात हिरवट थर आला.

कुडाळ_सर्किट
येणारच. ईएल८४ च्या नऊ बारीक पिना त्यातही आधी काळ्या पडतात, ६व्ही६ च्या जाड पिना जरा तग धरतात. प्लग काढून, अ‍ॅम्प थंड झाल्यावर ट्यूब सरळ ओढून काढायची आणि परत बसवायची, दोन-तीनदा. तेवढ्याने संपर्क साफ होतो. जॅकला कॉन्टॅक्ट क्लीनर. चेसिस, म्हणजे आतल्या सर्किटचा धातूचा डबा, मात्र घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ४०० व्होल्टच्या आसपास साठा राहू शकतो.

पावसाळ्यात कार्यक्रम नसतात तेव्हा लोक अ‍ॅम्प गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकतात. तसं करू नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवा. ट्यूबच्या उष्णतेने आतली ओल निघून जाते. कव्हर सुती असावं, खाली सिलिका जेलच्या पुड्या. आणि कार्यक्रम संपल्यावर दहा मिनिटं थंड होऊ द्या, मग गाडीत घाला. तापलेली फिलामेंट धक्क्याने तुटते, आणि देवबागचा रस्ता मला माहीत आहे.

ध्वनी_रत्नागिरी
वेळेचंही लक्षात ठेवा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. बंदिस्त हॉलला सूट आहे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी १२ पर्यंत परवानगी देऊ शकतं, पण तुमचा दिवस त्यात आहे का हे मालकाकडून आधी खात्री करून घ्या. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. शेजारच्या घरात आजारी माणूस असेल तर नियमाचीही वाट बघू नये.

देवबाग_किनारा
सगळ्यांचे आभार. एका ओळखीच्याकडून २२ वॅटचा ६व्ही६ आणि दुसऱ्याकडून १५ वॅटचा ईएल८४ एका रविवारी आणले आणि होमस्टेच्या अंगणात ड्रमरला बसवून दोन्ही वाजवले. ड्रमरला सांगितलं, आज सगळ्यात जोरात वाजव. स्नेअरच्या बरोबरीला येईपर्यंत वाढवत गेलो. १५ वॅटचा तिथे पोचला तेव्हा व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे होता, सोलोला सुरेख, पण ऱ्हिदमचे कॉर्ड चिकट झाले. आणखी फिरवला तर आवाज वाढेना, नुसता फाटत गेला. २२ वॅटचा तिथे ४ च्या आसपास होता. हलक्या बोटांनी वाजवलं की घंटेसारखा स्वच्छ, पिक जोरात मारलं की किंचित कर्र. मग ड्रमरने रॉड घेतले आणि ३ वर भागलं.

शेवटच्या टेबलाच्या जागी गायिका जाऊन बसली होती. तिचं म्हणणं, गिटार तिथेही पोचतं, पण माइक लावाच, नाहीतर पुढच्या टेबलांना त्रास.

२२ वॅट, ६व्ही६, १२ इंची नक्की केलाय. स्टॅबिलायझरचे पैसे बाजूला काढलेत. शेवटचा प्रश्न: हॉलसाठी वर अजून एक स्पीकर कॅबिनेट जोडायचं असेल तर?

गंजलेली_तार
चांगलं ठरवलंत. कॅबिनेट जोडण्याआधी ओहम बघा. या जातीच्या अ‍ॅम्पना बहुतेक ८ ओहमचा स्पीकर असतो. दुसरा ८ चा समांतर जोडला की ४ होतात. तुमचा अ‍ॅम्प तेवढं सोसतो का हे त्याच्या मागच्या पट्टीवर किंवा माहितीपत्रकात बघूनच जोडा. दोन स्पीकर म्हणजे हवा जास्त हलते आणि आवाज रुंद पसरतो. टाइल्सच्या हॉलमध्ये त्याची गरज क्वचित लागेल, उघड्यावर मात्र मजा येईल. जोडायला गिटारची केबल वापरू नका, स्पीकर केबलच घ्या. आणि स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही चालू करून वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

कुडाळ_सर्किट
एक जोडी जुळवलेल्या ६व्ही६, एक जास्तीची १२एएक्स७ (प्रीअ‍ॅम्पची छोटी ट्यूब) आणि योग्य मापाचे दोन फ्यूज डब्यात ठेवा. फ्यूजच्या जागी वायर कधी घालू नका. अ‍ॅम्प घरी आला की कळवा, ज्या होमस्टेला पहिला कार्यक्रम असेल तिथलं अर्थिंग मी येऊन तपासून देतो. मालवणला कामासाठी येणं होतंच.

सावंतवाडी_बेस
आणि मी येतंय बेस घेऊन. तारीख सांग.